बिडाचा तवा आणि खिम्याची पत



अमेरिकेंत उन्हाळा लागला, कीं घरामागील अंगणांत विस्तव करून त्यावर बिडाचा जाड तवा ठेवावयाचा, गोमांसाच्या खिम्याचे गोळे त्यावर दाबून भाजावयाचे, आणि पावांत घालून तेथेंच उभ्याउभ्यां खावयाचे, असा पुष्कळ कुटुंबांचा परिपाठ आहे. हाच हॅम्बर्गर. आपल्यांतील अनेकांस हें अन्न वर्ज्य आहे. तथापि त्याचा इतिहास ऐकण्यास हरकत नसावी. त्यांत रुचीपेक्षां विश्वासाचा प्रश्न मोठा आहे.

दोहोंत तवा वडील. थालीपिठासाठीं आपण वापरतों त्याच जातीचा तो. मात्र कांठ उंच, आणि दांडा त्याच ओतिवांतला. इंग्लंडांत अब्राहाम डार्बी यानें १७०७ सालीं बिडाचीं भांडीं वाळूच्या सांच्यांत ओतण्याचें पेटंट घेतलें, आणि १७०९ सालीं कोलब्रुकडेल येथें कोक जाळून लोखंड गाळण्यास आरंभ केला. पितळेहून बीड स्वस्त, म्हणून हें भांडें गरिबाच्या चुलीपर्यंत पोंचलें. अमेरिकेंत पुढें ईरी शहरीं ग्रिझवोल्ड, व १८९६ पासून टेनेसींत जोसेफ लॉज, यांच्या ओतशाळांचे तवे घरोघर गेले.

खिम्याचें नांव हॅम्बुर्ग बंदरावरून पडलें. तो पावांत प्रथम कोणीं घातला, याविषयीं न्यू हेवन, सेमूर, अथेन्स अशा अनेक गांवांचे दावे आहेत. पावांत खिमा घालण्यास एखाद्या प्रतिभावंताची गरज होती, असें मला तरी वाटत नाहीं!

खरी अडचण निराळीच होती. खिम्यांत काय दळलें आहे, हें डोळ्यांस कळत नाहीं. १९०६ सालीं अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपानें निघाली, आणि शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांतील घाण जगापुढें आली. त्याच वर्षीं ३० जूनला मांसतपासणीचा कायदा झाला. पण खिम्याची गेलेली पत कायद्यानें परत येईना. १९१६ सालीं विचिटा शहरांत वॉल्टर अँडरसन यानें एक लहानसें दुकान मांडलें. गोळा तापल्या लोखंडावर दाबून पातळ करण्याची युक्ति त्याच्या नांवावर सांगतात. १९२१ सालीं बिली इन्ग्रॅम यास भागीदार घेऊन त्यानें ‘व्हाइट कॅसल’ काढलें. भिंती पांढऱ्या, भांडीं लखलखीत, शिजविणें गिऱ्हाइकासमोर, आणि किंमत पांच सेंट! ‘पाहा आणि मग खा,’ असा त्यांतील भावार्थ.

अंगणांतील तव्यानें तेंच काम घरीं केलें. मांस आपणच निवडावें, आपणच दळावें. बीड उष्णता वाहून नेण्यांत ॲल्युमिनियमहून मंद खरें, परंतु जाड तव्यांत तिचा सांठा मोठा असतो, म्हणून थंड मांस पडलें तरी तवा एकदम निवत नाहीं. मांसावर जी तांबूस, खमंग खापरी धरते, तिच्या मुळाशीं असलेली क्रिया फ्रेंच रसायनज्ञ मायार यांनीं १९१२ सालीं वर्णिली. जाळीवर भाजल्यास चरबी निखाऱ्यांत गळून जाते. तव्यांत ती राहते, आणि मांस तिच्यांतच तळून निघतें. धूर मात्र फार, म्हणूनच अंगण बरें. गोळा तव्यावर पडतांच दाबावा. मागाहून दाबल्यास रस निघून जातो. मीठहि आधीं खिम्यांत कालवूं नये, त्यानें तो चिवट होतो.

पण डोळ्यांस दिसणें पुरेसें आहे काय? १९९३ सालीं अमेरिकेच्या पश्चिम भागांत एका उपाहारगृहसंस्थेचे अर्धकच्चे हॅम्बर्गर खाऊन सातशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं, आणि चार मुलें दगावलीं. अखंड तुकड्याचे जंतु बहुधा पृष्ठभागावर राहतात व भाजतांच मरतात. खिमा करतांना ते आंत मिसळले जातात. पांढऱ्या भिंतींस किंवा उघड्या स्वयंपाकास त्यांचा पत्ता लागत नाहीं, आणि मांसाच्या रंगावरूनहि खात्री होत नाहीं. आंतील उष्णता ७१ अंश सेल्सिअस झाली पाहिजे, असें तेथील सरकार सांगतें. त्यामुळें दक्ष गृहस्थ आतां तव्याशेजारीं सुईचा उष्णतामापक ठेवतो, आणि खिमा स्वतः दळलेला असला तरी कडेनें सुई खुपसून पाहतो.