कुणाच्या हाताला? : गिटारच्या फ्रेटबोर्डची गोलाई आणि एक खोडलेलं वाक्य

माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : फेंडरच्या सुरुवातीच्या गिटारी वाजवायला गैरसोयीच्या होत्या. मॅडमनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले, ‘कुणाच्या हाताला?’ त्या दोन शब्दांपायी माझे चार महिने गेले.

आधी विषय समजून घेऊ. गिटारच्या मानेवर बोटांखाली येणारी पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ती सहसा सपाट नसते, मध्ये किंचित फुगीर असते. एखाद्या मोठ्या नळकांड्याचा उभा काप घ्यावा तशी. त्या नळकांड्याची त्रिज्या म्हणजे फ्रेटबोर्डचा रेडियस. आकडा जितका लहान, तितकी गोलाई जास्त. १९५० च्या दशकातल्या फेंडरचा रेडियस ७.२५ इंच, गिब्सनचा साधारण १२ आणि क्लासिकल गिटारची पट्टी परंपरेने सपाटच. कागदावर आकडेमोड करून बघा : पट्टी ५० मिलिमीटर रुंद धरली तर ७.२५ इंचाला तिचा मधला भाग कडांपेक्षा सुमारे १.७ मिलिमीटर वर येतो, १२ इंचाला सुमारे १ मिलिमीटर. म्हणजे सगळं भांडण पाऊण मिलिमीटरचंही नाही!

पण हाताला ते कळतं. गोल पट्टीवर खालच्या फ्रेटांत कॉर्ड धरणं अनेकांना सोपं वाटतं. अडचण येते ती वरच्या फ्रेटांवर तार ताणून सूर चढवताना, म्हणजे बेंड करताना. कडेची तार मध्याकडे ढकलली की पुढच्या फ्रेटांचा उंच भाग तिच्या वाटेत येतो. तारा पट्टीच्या जवळ ठेवल्या असतील तर तार तिथे टेकते आणि सूर गुदमरतो. मग तारा उंच कराव्या लागतात. माझ्या ‘गैरसोयी’चा सगळा आधार हाच होता.

चूक कुठे झाली? मी आजचा वादक १९५४ मध्ये नेऊन बसवला. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्विंग आणि कंट्री वादकांच्या हातात गिटार देऊन ते त्यांचं ऐकत. तेव्हाच्या तारा जाड, तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली. असली तार पूर्ण एक सूर ताणायची तर बोटांचं काही खरं नाही. लांब बेंड हा तेव्हाच्या बहुतेक वादकांचा रोजचा व्यवहारच नव्हता. जेम्स बर्टनसारख्याला तसं वाजवायचं होतं, तर त्याने टेलिकास्टरवर चक्क बँजोच्या तारा चढवल्या. १९६२ मध्ये अर्नी बॉल यांनी हलक्या तारांचे संच बाजारात आणले, त्यानंतर बेंड सर्रास झाला. म्हणजे ७.२५ इंचाची मान तीच राहिली, तिच्यावरच्या तारा आणि वाजवणं बदललं. ‘गैरसोय’ नंतर जन्माला आली.

पुढचं थोडक्यात. १९८० च्या दशकात जॅक्सनच्या गिटारींत खाली १२ आणि वर १६ इंच असा बदलता रेडियस आला, फेंडरने अमेरिकन स्टँडर्डसाठी ९.५ इंच घेतला. गंमत म्हणजे त्याच दशकात, १९८२ मध्ये, फेंडरने जुन्या मॉडेलांच्या प्रतिकृती काढल्या, त्या मात्र ७.२५ इंचाच्याच. दोन्हींना गिऱ्हाईक होतं. तेव्हा ‘पट्ट्या हळूहळू सपाट होत गेल्या’ अशी सरळ रेषा ओढायचा मोह मला झाला, तो मी आवरला.

प्रबंधात वस्तू हा पुरावा म्हणून वापरणार असाल तर हे ऐका. जुनी गिटार दिसली की गेज लावून रेडियस मोजायचा, असं मला सोपं वाटलं होतं. पण फ्रेट बदलताना कारागीर अनेकदा पट्टी रंधून थोडी सपाट करतात, ती बेंडच्या सोयीसाठीच. म्हणजे १९५० च्या दशकातली मान आज ९ इंच भरली, तर तो आकडा कारखान्याचा की नंतरच्या दुरुस्तीचा? १९६२ च्या मध्यानंतरच्या फेंडरमध्ये रोजवूडची पट्टी पातळ, खालूनही वक्र. तिथे रंधायला लाकूडच कमी. मोजण्याआधी हे माहीत हवं होतं.

आता माझ्या तक्त्यात रेडियसशेजारी एक रकाना वाढला आहे : ‘फ्रेट मूळचे आहेत का?’ जिथे उत्तर मिळालं नाही, त्या ओळी मी १९५० च्या दशकाच्या चर्चेतून काढून दुरुस्तीच्या इतिहासात हलवल्या आहेत.