अंगठ्याचा ठसा

सोलापुराहून तुळजापुरास जाताना वाटेत तामलवाडी लागते. याच वाटेच्या सोलापूरकडील टोकास, इंग्रजी अमदानीत, तारेच्या कुंपणातील सेटलमेंट होती. १९११ च्या कायद्याने ज्या जमाती गुन्हेगार ठरविल्या, त्यांची तेथे हजेरी होई; नोंदलेल्या कोणाही इसमाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारास दिला होता. १९५२ साली तो कायदा गेला.

पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी आधारचा पहिला क्रमांक दिला गेला. आता ठसा सर्वांचाच घेतात, आणि तो संशयाने नव्हे, तर शिधा योग्य हाती पडावा म्हणून. हा भेद लहान नव्हे, हे आम्ही मान्य करतो. परंतु हेतू पालटला म्हणून ठशाचा धर्म पालटत नाही. किल्ली चोरीस गेली तर कुलूप बदलता येते. बोट कसे बदलावे?

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०१८ साली आधार कायम राहिले. मात्र खाजगी कंपन्यांस त्याचा वापर मोकळा करणारी तरतूद रद्द झाली. तरीही आपला ठसा कोण, कशासाठी पाहतो, हे सामान्य माणसास विचारता आले पाहिजे, असे आम्हांस वाटते. सेटलमेंटचे कुंपण निदान डोळ्यांस दिसत होते.