खर्ज, पेटी आणि लांकूड

वस्तूच्या बाह्य रूपावरून तिच्या गुणांचें अनुमान करण्याची मनुष्याची संवय जुनी आहे, आणि वाद्यांच्या बाबतींत ती विशेष बळावलेली दिसते. दिवाणखान्यांत मनोऱ्यासारखे उंच ध्वनिक्षेपक उभे करण्याची चाल आतां अनेक सुशिक्षित घरांतून पडली आहे. त्यांची पारख करतांना दोन प्रश्न हटकून निघतात : खर्ज किती खोल, आणि पेटी कोणत्या लांकडाची? पुष्कळांच्या मनांत पहिल्याचें उत्तर दुसऱ्यांतच दडलेलें असतें. हा समज कितपत खरा, हें इतिहासाच्या साह्यानें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यासाठीं आरंभींच परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, लागून पुण्याच्या वाटेवर केडगाव आहे. दौंडजवळचें केडगाव तें निराळें. येथील रेणुकामातेचें स्थान नगरकरांस सुपरिचित आहे. देवीच्या गोंधळांत जें संबळ वाजतें, त्यांत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर सांपडतें. कमरेशीं बांधलेल्या त्या जोडींत एक भांडें लहान, दुसरें मोठें. मोठ्यावर वांकडी काठी पडते आणि खालचा स्वर उमटतो. भांडीं लांकडाचीं असोत कीं धातूचीं, खालचा स्वर मोठ्याच तोंडाच्या वांट्यास येतो. तबल्याच्या जोडीचा डग्गाही पूर्वीं मातीचा असे, पुढें तांब्यापितळेचा झाला. परंतु तो तबल्याहून मोठा असावा, हा नियम कोणीं मोडला नाहीं.

मिरजेच्या तंबोऱ्याकडे पाहिलें असतां हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं तेथें तंतुवाद्यें घडविण्यास प्रारंभ केला, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें. पुरुषी तंबोरा व बायकी तंबोरा यांचा भोपळा तोच आणि तुनीचें लांकूडही तेंच; भेद मुख्यतः आकाराचा. पुरुषी तंबोरा मोठा, म्हणून त्याचा खर्ज भरदार. मात्र तंबोऱ्यांत लांकूड मुकें नसतें. तार स्वतः हवा फारशी हालवूं शकत नाहीं. तिचें कंपन घोडीवाटे तबलीस व भोपळ्यास पोंचतें आणि तीं बोलूं लागतात. येथें भिंतीनें गावें, हाच कारागिराचा हेतु असतो.

ध्वनिक्षेपकाचा धर्म याच्या नेमका उलट आहे, आणि सर्व घोटाळ्याचें मूळ येथें आहे. १९२५ सालीं अमेरिकेंत राइस व केलॉग यांनीं हलत्या वेटोळ्याचा कागदी शंकु सिद्ध केला. आजच्या बहुतेक ध्वनिक्षेपकांचा तो पूर्वज होय. शंकु पुढें सरला कीं समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणीं मागची विरळ होते. खालच्या स्वरांत या दोन लाटा एकमेकींस खाऊन टाकतात. हें टाळण्यासाठीं पेटी आली. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणी सुरू झाल्यानंतर जे रेडिओ घरोघर आले, त्यांच्या पेट्या बहुधा मागून उघड्या असत आणि खर्ज पोकळ वाजे. बेल प्रयोगशाळेंतील थुरास यांस १९३२ सालीं जें पेटंट मिळालें, त्यांत पेटीस छिद्र ठेवून मागची लाट कामास लावण्याची युक्ति होती. १९५४ सालीं व्हिल्चर यांनीं उलट मार्ग धरून पेटी पुरती बंद केली व आंतील हवेसच शंकूची स्प्रिंग बनविलें. पुढें ऑस्ट्रेलियांत थील यांनीं १९६१ मध्यें, आणि त्यांच्यामागून स्मॉल यांनीं, या सर्वांचें गणित बसवून दिलें.

त्या गणिताचा निष्कर्ष कठोर आहे. तितक्याच विजेंत तितकाच आवाज ठेवून खर्ज एक सप्तक खालीं न्यावयाचा, तर पेटी आठपट मोठी हवी. शंकु तोच ठेवल्यास त्याची धांव चौपट व्हावी लागते. या हिशेबांत सागवान, शिसवी किंवा अक्रोड यांचें नांवही येत नाहीं. मनोऱ्याचा खरा लाभ हाच कीं, थोड्या जागेंत तो पुष्कळ हवा सामावतो.

मग लांकडाचें काम काय? त्याचें काम मौन पाळण्याचें. तें साधण्यासाठीं इंग्लंडांत ब्रिग्ज यांनीं दोन फळ्यांमध्यें वाळू भरली. बी.बी.सी.च्या संशोधकांनीं बर्चच्या पातळ प्लायवुडास आंतून डांबरी थर देऊन त्याचें कंपन मारलें. पुढें लांकडाच्या तंतूंची दाबून केलेली एम.डी.एफ. फळी सर्वत्र आली, कारण ती एकजीव, स्वस्त आणि कापण्यास सोपी. जड भिंत, आडव्या पट्ट्यांचे आधार व आंतील लोकर यांचा हेतु एकच, पेटीनें स्वतः कांहीं बोलूं नये.

उंच मनोऱ्यास हें मौन विशेष कठीण जातें. त्याच्या बाजू लांबरुंद असल्यानें त्या सहज थरथरतात. शिवाय आंतून एक मीटर उंच असलेल्या बंद पोकळींत सेकंदास सुमारें १७२ कंपनांचा स्वर घुमूं पाहतो. तो हार्मोनियमच्या मंद्र सप्तकांतील पांढरी चारच्या अगदीं जवळचा, म्हणजे ऐन गळ्याच्या टापूंतला. तो आवरला नाहीं, तर गायक कोणत्याही पट्टींत गावो, पेटी त्यांत आपला षड्ज मिसळीत राहते.

येथें प्रश्न केवळ पैशाचा उरत नाहीं. बहुतेक घरांत कान आतां प्रत्यक्ष मैफलीपेक्षां ध्वनिक्षेपकापुढेंच घडतात. पखवाज, डग्गा व तंबोरा या तिघांस जी पेटी एकच घुमारा देते, ती ऐकणाऱ्यास तिघांतला भेद विसरावयास लावते, आणि वाईट म्हणजे तो घुमारा गोडही लागतो. म्हणून आमची सूचना इतकीच कीं, खरेदीपूर्वीं संथ चढत्या खर्जाचें वादन लावून पेटीच्या बाजूवर तळहात ठेवावा. सर्व स्वर सारख्या वजनानें येत असतील व हातास फारसें कांहीं जाणवत नसेल, तर पेटी चांगली समजावी. वरचें अक्रोडाचें पान डोळ्यांस प्रिय असेल तर अवश्य घ्यावें. मात्र त्याची किंमत लांकूडकामाच्या खात्यांत लिहावी, खर्जाच्या नव्हे.