घोडा, अ‍ॅम्बेसेडर आणि विकणाऱ्याचं मौन

आजची गोष्ट कोलकात्याची आहे, पण सुरुवात अशा प्रसंगापासून करू जो आपल्यापैकी कुणावरही येऊ शकतो. समजा, बदली होऊन तुम्ही पुण्याहून किंवा बेळगावहून कोलकात्याला आलात. भाड्याचं घर झालं, मुलांची शाळा झाली, मग एक सात वर्षं जुनी गाडी घेतली. रंग चकाचक, सीटची कव्हरं नवी, विकणारे गृहस्थ एकदम सज्जन. दहा दिवसांनी विद्यासागर सेतूच्या चढावर तापमानाचा काटा वर जातो, बॉनेटखालून वाफ येते. मेकॅनिक गाडी उघडून बघतो आणि म्हणतो, हेड गॅस्केट गेलंय, आणि हे इंजिन आधी एकदा उघडलेलं आहे. तुम्ही त्या सज्जन गृहस्थांना फोन लावता. ते शांतपणे म्हणतात, "पण तुम्ही विचारलंच कुठे होतं?"

या एका वाक्याचा इतिहास आज आपल्याला बघायचा आहे. कारण दीडशे वर्षांपूर्वी, कलकत्ता ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी असताना, या वाक्याला कायद्याने जागा दिली. गाडीसाठी नाही, अर्थातच. घोड्यासाठी.

त्या काळात घोडा म्हणजे लष्कर, टपाल, बग्गी, शर्यती, साहेबाची प्रतिष्ठा, सगळं काही. मुंबईला इराणच्या आखातातून अरबी घोडे उतरत. कलकत्त्याला आणि मद्रासला ऑस्ट्रेलियातून जहाजं भरून घोडे येत. न्यू साउथ वेल्सवरून आले म्हणून त्यांना 'वेलर' म्हणत. धर्मतला भागातल्या मोठ्या तबेल्यांतून त्यांचे लिलाव होत. समुद्रावर कित्येक आठवडे काढलेलं जनावर, वरून खरारा करून चमकवलेलं. त्याच्या पायात, छातीत, डोळ्यांत काय आहे हे विकणाऱ्याला माहीत असायचं, घेणाऱ्याला नाही.

आपल्याकडे ही विद्या चांगलीच मुरलेली होती. घोडा घेताना अंगावरचे भोवरे बघत. बैलबाजारात अजूनही आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असे शब्द चालतात, कारण दात हे जनावराचं किलोमीटर-मीटर आहे. आणि 'खोड' हा शब्द बघा. जनावराच्या अंगातला दोष आणि माणसाच्या स्वभावातली वाईट सवय, दोन्हींना मराठीत एकच शब्द. बाजारात तो खोडकर घोडा आणि तो विकणारा असे दोघेही उभे असतात, त्यामुळे ही सोयच म्हणायची.

तर १८७२ साली भारतीय करार कायदा झाला. मसुदा मुळात लंडनमधल्या कायदा आयोगाचा, पण तो बराच फिरवून मंजूर करून घेतला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातले कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी. (हे व्हर्जिनिया वुल्फचे सख्खे काका. आजच्या विषयाशी याचा काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) कायद्याच्या कलमाखाली छोटी छोटी उदाहरणं द्यायची, ही पद्धत मेकॉलेने दंड संहितेच्या मसुद्यात आणली होती. ती इथेही आली. त्यामुळे १७व्या कलमात फसवणूक म्हणजे काय हे सांगितल्यावर खाली एक घोडा येऊन उभा राहतो.

उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक आहे का? कायदा म्हणतो, नाही. मग दुसरं उदाहरण: घेणारी त्याची स्वतःची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. आता मात्र सांगणं त्याचं कर्तव्य आहे, कारण नातंच तसं आहे. आणि तिसरं, जे आपल्या कामाचं आहे: घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

किती बारीक रेषा आहे बघा. घोडा तोच, दोष तोच, विकणाऱ्याचं मौनही तेच. फरक फक्त एवढाच की समोरच्याने तोंड उघडलं. न विचारणाऱ्याला घोडा मिळाला, विचारणाऱ्याला घोडा आणि हक्क दोन्ही.

आता तुम्ही म्हणाल, मग विचारलं की झालं. नाही. १९व्या कलमात एक अपवाद आहे, आणि मला वाटतं जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने तो वाचलाच पाहिजे. दुसऱ्याच्या मौनामुळे किंवा चुकीच्या माहितीमुळे तुम्ही फसलात, पण साधी काळजी घेतली असती तर खरं काय ते तुम्हाला कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. म्हणजे विचारायचंही आणि बघायचंही. मात्र समोरचा जाणूनबुजून खोटं बोलला, किंवा त्याने दोष मुद्दाम झाकला, तर या अपवादाचा आडोसा त्याला मिळत नाही. मीटर मागे फिरवणं हे मौन नाही, ते झाकणं आहे. म्हणून विकणाऱ्याला गप्प राहू देण्यापेक्षा बोलतं करणं जास्त फायद्याचं.

पुढे १९३० साली मालविक्रीचा वेगळा कायदा झाला आणि तो आजही लागू आहे. त्याचं १६वं कलम मुळात तेच सांगतं: मालाच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. पण धंदेवाईक विक्रेता असेल, तुम्ही गरज सांगून त्याच्या जाणकारीवर विसंबला असाल, तर माल त्या कामाचा असलाच पाहिजे. त्यातही एक गंमत आहे. विक्रेत्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोगा असला पाहिजे, पण तुम्ही तो तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर पुढे करता येत नाही. टायरला दोन लाथा मारून 'बघितली गाडी' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कायदा असा तयार होता. पण गंमत अशी की पुढची जवळजवळ पन्नास वर्षं जुन्या गाडीतला दोष हा भांडणाचा विषयच फारसा नव्हता. का?

कारण गाड्याच नव्हत्या. हावड्याहून बर्धमानकडे जाणाऱ्या लोकलने गेलात तर 'हिंदमोटर' नावाचं स्टेशन लागतं. कारखान्याच्या नावावरून स्टेशन. उत्तरपाड्याच्या त्या हिंदुस्तान मोटर्समधून १९५७-५८पासून अ‍ॅम्बेसेडर बाहेर पडू लागली. मूळ गाडी इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. इकडे मुंबईत कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कारखान्यात फियाट बनत होती. परवान्यांचा काळ. उत्पादन मोजकं, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. नवी गाडी घेतली तर ती ठरावीक मुदतीत विकायची नाही असंही बंधन होतं, कारण नव्या गाडीचा कागद हाच काळ्या बाजारातला माल झाला होता. रस्त्यावर असलेली, थोडी वापरलेली फियाट कारखान्याच्या किमतीपेक्षा जास्त पैशाला जात असे. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतात.

अशा बाजारात दोष सापडला तर कुणी कोर्टात जात नसे. गाडी मिळाली हेच नशीब. आणि खरं सांगायचं तर नव्या गाडीतही दोष असायचेच. तक्रारी इतक्या झाल्या की मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला केंद्र सरकारने १९६०च्या दशकात समिती नेमली.

पण अ‍ॅम्बेसेडरच्या दोषांची एक चांगली बाजू होती. ते सगळ्यांना माहीत होते. उन्हाळ्यात पेट्रोलची नळी तापून आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. ड्रायव्हर खाली उतरून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचा, विडी ओढायचा, गाडी पुन्हा चालू. बॅटरी बसली तर पुढून हँडल मारायचं. एकच नमुना थोड्याफार फरकाने अर्धं शतक चालला, त्यामुळे याच्या गाडीचा भाग त्याच्या गाडीला बसायचा. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो, तिथला मल्लिकबाजार म्हणजे जुन्या सुट्या भागांचं कोलकात्यातलं माहेरघर. गाडीत दोष निघाला की मिस्त्री तुम्हाला तिकडे धाडणार. ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' हा १९५८चा सिनेमा याच जगातला. त्यातला टॅक्सीवाला आपल्या खिळखिळ्या गाडीचे दोष म्हणजे तिचे रुसवे-फुगवे समजतो. दोष दोघांनाही माहीत असला की त्यात फसवणूक राहत नाही, संसार राहतो.

अडचण होते ती एकालाच माहीत असतो तेव्हा. हे सिद्धांत म्हणून मांडलं जॉर्ज अकरलॉफ या तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने. जुन्या गाड्यांच्या बाजारात चांगली गाडी कोणती, खराब कोणती, हे फक्त विकणाऱ्याला कळतं. घेणारा मधला भाव सांगतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून ती बाजारातून निघून जाते, आणि खराब गाड्याच उरतात. हा लेख त्याने १९६७ साली एका नामांकित नियतकालिकाकडे पाठवला आणि तो भारतात राहायला आला. इथे असतानाच नकाराचं पत्र आलं: इतक्या क्षुल्लक विषयावरचे लेख आम्ही छापत नाही. आणखी दोन ठिकाणी नकार पचवून लेख १९७०मध्ये छापून आला, आणि २००१मध्ये अकरलॉफला त्यासाठी नोबेल मिळालं. त्या लेखात भारतातल्या गृहिणी तांदळातले खडे निवडतात, त्याचाही उल्लेख आहे. आपल्या आज्या सूप घेऊन बसायच्या तेव्हा नोबेलच्या विषयावरच काम करत होत्या.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९१नंतर बाजार खुला झाला, आणि जुनी गाडी खरोखरच 'जुनी' झाली, म्हणजे स्वस्त झाली. मे २०१४मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबला. आजच्या गाडीचे दोष ओल्या फडक्याने जात नाहीत. ते संगणकाच्या डबीत असतात, वायरिंगच्या गंजलेल्या जोडात असतात. त्यात कोलकाता हे पाणी तुंबणारं शहर. ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट या भागांत मोठा पाऊस झाला की गाडीच्या सीटपर्यंत पाणी येतं. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेलच, एका दिवसात ९४४ मिलिमीटर. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून पुन्हा उभी करता येते. म्हणून सीटखालच्या रुळांवरचा गंज बघायचा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आत चिखलाची रेघ आहे का ते बघायचं, डिकीतल्या जादा चाकाखाली हात घालायचा. हेच १९व्या कलमातलं 'साधी काळजी'.

आता आपल्या त्या विद्यासागर सेतूवर उभ्या असलेल्या माणसाकडे परत येऊ. त्याने काय करावं? पहिली गोष्ट, गाडी दुरुस्त करण्याआधी मेकॅनिककडून दोष लेखी घ्यावा, फोटो काढावेत. दुसरी, त्याच दिवशी विकणाऱ्याला लेखी कळवावं. फोन नाही, लेखी. दोष कळूनही तुम्ही महिनाभर गाडी चालवत राहिलात, तर कायदा समजतो की तुम्ही माल स्वीकारला. मग गाडी परत देणं जवळपास संपतं, नुकसानभरपाईपुरतं भांडण उरतं. तिसरी, विकणारा कोण होता हे बघावं. धंदा करणारा असेल तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. २०१९च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि विक्रेत्याने जे सांगितलं ते खरं न निघणं हासुद्धा 'दोष' धरला जातो. पण आपली एकच गाडी विकणारे शेजारचे काका हे व्यापारी नव्हेत. तिथे ग्राहक आयोग नाही, दिवाणी न्यायालय आणि १८७२चा घोडाच.

आणि या गडबडीत बेलतल्याच्या मोटार वाहन कार्यालयातली नावबदली विसरू नये. ती न केल्यास त्रास विकणाऱ्यालाही होतो. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच.

गाडी अजून घ्यायची असेल, तर मी असं सुचवेन की पैसे देण्याच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला मोबाइलवर चार ओळी पाठवा. गाडी पाण्यात बुडालेली नाही, इंजिन उघडलेलं नाही, मोठा अपघात झालेला नाही, मीटर मूळचा आहे. यातलं काही चुकीचं असेल तर कळवा, नाहीतर हे बरोबर आहे असं धरून मी उद्या पैसे देतो. मग उत्तराची वाट बघा. उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा.