मॅट्रिकच्या दारापाशी

मुलगा दहावी झाला की घरोघरी एकच प्रश्न निघतो, ‘आता पुढे काय?’ दहा वर्षे शिकवूनही शाळेजवळ याचे उत्तर नसावे, याचे कारण इतिहासात शोधले पाहिजे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, झाली. आपल्या जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेले महादेव गोविंद रानडे त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झाले. ही परीक्षा विद्यापीठाचे दार होती. पुढे सारे हायस्कूलच त्या दाराकडे तोंड करून बसले. आत गेला तो पदवीधर, उंबऱ्यावर थांबला तो कारकून, आणि बाहेर राहिला तो ‘नापास’. त्याच्या हातांना काय येते, हे कोणी विचारले नाही.

हे व्यंग जोतीराव फुल्यांनी नेमके ओळखले. १८८२ साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले, की हे शिक्षण नित्याच्या व्यवहारास उपयोगी पडत नाही. त्यांची आणखी एक मागणी मात्र फारशी कोणी आठवत नाही. घरी अभ्यास करणाऱ्यास मॅट्रिकला बसता येते, तसेच वरच्या परीक्षांनाही बसू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचविल्या, एक विद्यापीठाची व दुसरी व्यवहाराची. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचविल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने धंदेशिक्षणावर भर दिला. महाराष्ट्रात १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा आली. इयत्ता बदलली, पण दुसरी वाट मागे पडलेल्यांची, ही समजूत काही बदलली नाही.

त्याचे फळ आम्ही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रोज पाहतो. आयटीआय झालेला फिटर मायक्रोमीटर अचूक वाचतो. पण हाती चार्जशीट पडली, की उत्तर लिहून घ्यायला युनियनच्या कचेरीत येतो. पदवीधर पोरगा अर्ज सुबक लिहितो. पण ड्रॉइंग वाचता येत नाही, म्हणून ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राबतो. दोघेही कष्टाळू, दोघेही हुशार. शाळेने दोघांनाही अर्धेच शिकविले.

१९८९ साली आपल्या नाशकात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीची वाट त्याने खुली केली. फुल्यांच्या त्या मागणीचा धागा येथवर येऊन पोचतो. पाळी संपवून रात्री पुस्तक उघडणारे कितीतरी कामगार आम्ही पाहिले आहेत.

वसंत व्याख्यानमालेची प्रथाही रानड्यांनीच १८७५ साली पुण्यात घातली. कॉलेजची पायरी न चढलेल्या आमच्यासारख्यांचे गोदाकाठ हेच कॉलेज झाले. पण शाळेत राहिलेली उणीव माणसाने पन्नाशीपर्यंत अशी भरून काढीत बसावे काय? हायस्कूलमधून निघणाऱ्या प्रत्येक मुलाला आपले म्हणणे कागदावर मांडता आले पाहिजे आणि एखादे काम हातांनी नीट करता आले पाहिजे. मग तो कॉलेजात जावो की कारखान्यात; आणि आज कारखान्यात गेलेल्याला उद्या कॉलेजचे दार उघडे असो. आमची मागणी एवढीच आहे, आणि ती १८८२ पासूनची आहे.