पाकिटातल्या सरकीवरचा पत्ता

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत तालुक्यातलं हट्टा नव्या जिल्ह्यात गेलं. गावाचा पत्ता बदलला, शिवार तेच राहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्युंटर ब्लोबेल यांना नोबेल जाहीर झालं, तेही पत्त्यासाठीच. पेशीत बनणाऱ्या प्रथिनाने कुठे जायचं हे त्या प्रथिनातच लिहिलेलं असतं, हा त्यांचा शोध. योगायोग म्हणा आणि सोडून द्या. पण पुढच्या सात वर्षांत असाच एक पत्ता सरकीच्या पाकिटात बसून मराठवाड्याच्या काळ्या रानात आला.

पेशी म्हणजे मोकळं मैदान नाही, आत पडद्यांनी पाडलेल्या खोल्या आहेत. बहुतेक प्रथिनं बाहेरच्या द्रवात तयार होतात आणि मग आपापल्या खोलीत जातात. तेलकट पडद्यातून आत कसं शिरायचं? १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी अंदाज मांडला, की प्रथिनाच्या सुरुवातीलाच एक छोटी शेपटी असते, तोच पत्ता. तेव्हा हातात पुरावा जवळजवळ नव्हता. तो १९७५ मध्ये आला. पोचल्यावर शेपटी कापून टाकली जाते, म्हणून ती इतके दिवस कुणाला दिसली नव्हती.

वनस्पतींची गोष्ट थोडी वेगळी. पानातल्या हरितलवकाला स्वतःची जनुकं असतात, पण थोडीच. बाकीची हजारो प्रथिनं बाहेरून येतात. १९७८ मध्ये असं एक प्रथिन परीक्षानळीत, पूर्ण तयार झाल्यावर हरितलवकात शिरताना दाखवलं गेलं. १९८५ मध्ये त्याहून धाडसी प्रयोग झाला: वनस्पतीची शेपटी जीवाणूच्या प्रथिनाला जोडली आणि ते परकं प्रथिनही मुकाट्याने हरितलवकात गेलं. म्हणजे दारावर फक्त पत्ता वाचतात, पाहुणा कोण ते विचारत नाहीत.

इथून कापसाकडे. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातलं क्राय१एसी हे विष पेशीच्या द्रवातच राहतं. २००६ च्या बोलगार्ड-२ मध्ये दुसरं विष आलं, क्राय२एबी. त्याच्यापुढे अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या रोपट्याची शेपटी जोडली आहे, म्हणून ते हरितलवकात साठतं. मातीतल्या जीवाणूचं विष, मोहरीच्या बहिणीचा पत्ता आणि आपली सरकी. पाकिटावर यातलं काही लिहिलेलं नसतं.

आता अळीची बाजू, आणि मला तीच जास्त रंजक वाटते. विष मारतं ते अळीच्या आतड्याच्या पेशीवरच्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटून. ते कॅडहेरिनही आतच बनतं आणि पत्ता वाचत पृष्ठभागावर येतं. २०१० मध्ये गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीने क्राय१एसी पचवल्याचं जाहीर झालं. २०१४ मध्ये भारतातल्या अशा अळ्यांत कॅडहेरिनचे अनेक मोडतोड झालेले नमुने सापडले. २०१८ मध्ये चीनमधल्या बोंडअळीत त्याहून सूक्ष्म गोष्ट दिसली: कॅडहेरिन बनत होतं, पण आतल्या जाळीदार खोलीतच अडकत होतं, पृष्ठभागावर पोचतच नव्हतं. विष दारात येऊन उभं, पण धरायला कडीच नाही.

क्राय२एबीलाही अळीने दाद देणं थांबवलं. २०१७ च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघत होती.

दोष शेतकऱ्यावर टाकणं सोपं आहे. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी मिळायची, साध्या अळ्या टिकून राहाव्यात म्हणून. ती बहुतेकांनी लावली नाही. पण चार-पाच एकरवाल्याने अळीसाठी तासं सोडायची, ही अपेक्षाच कागदावरची होती. शिवाय आपल्याकडे बीटी आली ती संकरित वाणांत. तिथे एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विषाचं जनुक उतरत नाही, आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. त्यात ही वाणं लांब मुदतीची. डिसेंबर-जानेवारीतही रानात हिरवी बोंडं असली, की अळीला आणखी एक पिढी काढता येते.