मातीतला हुतुतू आणि जकार्तातला पराभव

२४ ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई क्रीडास्पर्धेतील महिला कबड्डीचा अंतिम सामना. इराण २७, भारत २४. आदल्याच दिवशी पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत इराणकडूनच १८–२७ असा हरला होता. १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदके जिंकलेल्या पुरुष संघाच्या वाट्याला कांस्य आले, तर २०१० व २०१४ ची विजेती असलेल्या महिला संघाच्या वाट्याला रौप्य. ज्या इराणी मुलींनी हे घडवले, त्यांच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

त्या दिवसांत 'आपलाच खेळ आपण हरलो' अशी हळहळ सर्वत्र व्यक्त झाली. हळहळ स्वाभाविक होती, पण इतिहास जरा निराळे सांगतो. महाराष्ट्रात सुमारे शंभर वर्षांपूर्वी जे काम हाती घेतले गेले, त्याचे हे एक फळ होते. ते काम कोणते, हे समजण्यासाठी प्रथम रायगडच्या किनाऱ्यावर जावे लागेल.

उरण, पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन. १९८१ पर्यंत हा सारा टापू कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. भातकापणी उरकली, खळी झाली, की खाचरे मोकळी होतात. ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, जमीन चोपून घ्यायची, फक्कीने रेषा आखायच्या, मैदान तयार. आगरी आणि कोळी वस्त्यांतील संघांना बहुधा ग्रामदेवतेचे नाव असते आणि गावच्या जत्रेइतकीच गर्दी सामन्यांना लोटते. या खेळाला चेंडू लागत नाही, फळी लागत नाही, पायात जोडेही लागत नाहीत. दिवसभर मिठागरात किंवा होडीवर राबलेल्या माणसाला संध्याकाळी परवडेल असा हा खेळ आहे. मजबूत पाय, न तुटणारा दम आणि शेजारच्या गड्याचा घट्ट धरलेला हात एवढेच त्याचे भांडवल. साखळी करून चढाईवाल्याला कोंडणे ही विद्या या किनाऱ्यावर कोणी वर्गात शिकवली नाही.

जुने नाव हुतुतू. बंगालात हाडुडू, तमिळ मुलखात चेडुगुडू. नावे निराळी, तसेच नियमही निराळे. 'संजीवनी' प्रकारात बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद झाल्यावर जिवंत होऊन परत येई. 'गामिनी'त बाद झालेला बाहेरच राही आणि सारा संघ बाद होईपर्यंत डाव चाले. 'अमर'मध्ये कोणी बाहेर जातच नसे, केवळ गुण मोजले जात. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला तर खेळण्याआधी कोणत्या रीतीने खेळायचे यावर वाद ठरलेला. अशा खेळाला मैदान मिळते, स्पर्धा मिळत नाही. स्पर्धा म्हणजे अनोळखी माणसाशी एकाच नियमाने खेळण्याची सोय.

ही सोय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे आणि बडोदा येथे झाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतुतूचे नियम बांधण्यात पुढाकार घेतला. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ च्या सुमारास ते अधिक नेटके केले. संजीवनीतला पुनर्जन्म आणि अमरमधला गुणलेख यांचा मेळ आजच्या कबड्डीत दिसतो तो याच खटाटोपातून. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इतर देशी खेळांबरोबर याही खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. हिटलरच्या बर्लिनमध्ये वऱ्हाडातल्या तरुणांनी हुतुतू खेळावा, हा प्रसंग मोठा विलक्षण आहे. त्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

स्वातंत्र्यानंतरचा क्रम झपाट्याने सांगता येतो. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. याच काळात 'कबड्डी' हे नाव देशभर रूढ झाले आणि हुतुतू हा शब्द मराठी घराच्या अंगणात उरला. मला हे नुकसान वाटते. पण देशभरच्या खेळाला एक नाव हवे होते, हेही तितकेच खरे.

दरम्यान कोकणातला माणूस गिरणीत गेला आणि आपला खेळ बरोबर घेऊन गेला. लालबाग-परळच्या चाळींमधल्या मैदानांवर कोकणातल्याच गड्यांचे संघ उभे राहिले. पुढे गिरण्या, बँका, रेल्वे यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, तेव्हा कबड्डी हा पोटापाण्याचाही मार्ग झाला. या पिढीला राष्ट्रीय चौकटीत बसवणाऱ्यांत शंकरराव साळवी यांचे नाव अग्रभागी येते. महाराष्ट्र त्यांना बुवा म्हणे. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. बुवांच्या पिढीचे ध्येय स्पष्ट होते: कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धेत गेली पाहिजे.

मात्र तेथे जायचे तर एक अट अपरिहार्य होती. दुसरे देश खेळले पाहिजेत, आणि ते खेळायचे तर त्यांना कोणीतरी शिकवले पाहिजे. १९७८ मध्ये आशियाई महासंघ स्थापन झाला. १९७९ साली सुंदर राम नावाचे भारतीय शिक्षक जपानमध्ये दोन महिने फिरून कबड्डी शिकवून आले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक झाले, १९८५ च्या ढाका येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत खेळाला स्थान मिळाले आणि अखेर १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ झाली.

बीजिंगचे महत्त्व नीट समजून घ्यायला हवे. १९८२ मध्ये मायदेशी भारताने १३ सुवर्णपदके मिळवली होती. १९८६ मध्ये सोलला ती ५ वर आली, आणि त्यांतील ४ मध्ये पी. टी. उषा होती. बीजिंगला उषा सुवर्णापर्यंत पोहोचली नाही, हॉकीत पाकिस्तान वरचढ ठरला, कुस्ती, मुष्टियुद्ध, नेमबाजी, कोठेच सुवर्ण नाही. त्या स्पर्धेत भारताच्या नावावर एकच सुवर्णपदक लागले, ते कबड्डीचे. बांगलादेश दुसरा, पाकिस्तान तिसरा. अशोक शिंदे आणि राजू भावसार हे मराठी खेळाडू त्या संघात होते. ज्या खेळाला शहरी क्रीडारसिक 'गावंढळ' म्हणत नाके मुरडत, त्यानेच त्या वर्षी भारताची लाज राखली.

त्यानंतर हिरोशिमा, बँकॉक, बुसान, दोहा, ग्वांगझू, इंचॉन. प्रत्येक वेळी सुवर्ण. इतक्या सातत्याने सुवर्ण येऊ लागले की ते धरूनच चालण्याची सवय लागली. पदकतक्त्यात कबड्डीपुढे आकडा आधीच लिहून ठेवावा, असा सगळा मामला.

या काळात खेळ मात्र बदलत होता. मातीची जागा मॅटने घेतली, अनवाणी पायांत जोडे आले, चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. पूर्वी पंच दमाकडे कान लावून असे. 'कबड्डी, कबड्डी'चा जप तुटला की चढाई संपली. आता तो जप उरला आहे, पण हुकूम घड्याळाचा चालतो. दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो. खेळ वेगवान झाला, दूरचित्रवाणीवर देखणा दिसू लागला, आणि मातीवर घालवलेल्या बालपणाचा फायदा घटला. मॅटवर इराणी, कोरियन आणि भारतीय मुलगा जवळपास एकाच पायरीवरून सुरुवात करतो. पेण-अलिबागच्या खाचरात खेळून मोठा झालेला गडी तर काहीसा मागेच पडतो, कारण मॅट गावात नसते, शहरातल्या सभागृहात असते.

इराण या खेळाला सर्वस्वी परका नव्हता. तेथे दम धरून खेळायचा 'झू' नावाचा जुना लोकखेळ आहे, आणि घराघरांत कुस्तीची परंपरा. धरणे, उचलणे, लोळवणे हे त्यांच्या अंगात मुरलेले. २०१४ च्या इंचॉन अंतिम सामन्यातच धोक्याची घंटा वाजली होती: भारत २७, इराण २५. त्याच वर्षी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि परदेशी खेळाडू आपल्याच संघांतून खेळू लागले. फजल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाच्या विजेत्या संघात होता. मुंबईच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. तीन वर्षांनी जकार्तात भारताला हरवणाऱ्या इराणी संघातही तो होता. आपल्या चढाईपटूंच्या लकबी त्याला सामन्याची ध्वनिचित्रफीत पाहून शिकाव्या लागल्या नव्हत्या. जकार्तात भारत केवळ इराणकडून हरला असेही नाही. साखळी सामन्यात कोरियानेही २४–२३ अशी मात केली होती.

आता शैलजाबाईंकडे. नाशिकमध्ये अनेक वर्षे मुलींना कबड्डी शिकवलेल्या या प्रशिक्षिका साठीच्या उंबरठ्यावर इराणला गेल्या. भाषा परकी, आहार परका, मुली हिजाब घालून खेळणाऱ्या. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली, सरावाला योग व प्राणायामाची जोड दिली. प्राणायाम म्हणजे अखेर दमाचीच साधना. हुतुतूचा मूळ गाभा त्यांनी तेथे नेला म्हणायचा. विजयानंतर काहींनी त्यांच्या निष्ठेविषयी प्रश्न विचारले. तो प्रश्न सुंदर राम यांना कोणी विचारला नव्हता, कारण तेव्हा शिष्य जिंकण्याची भीती नव्हती. सतत एकच देश जिंकतो अशा खेळाला ऑलिंपिकचे दार उघडत नाही. बुवांच्या पिढीला हे ठाऊक असणार.

पाच वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझूला दोन्ही सुवर्णपदके परत आली. महिलांनी चिनी तैपेईला २६–२५ असे एका गुणाने हरवले. ते त्या स्पर्धेतील भारताचे शंभरावे पदक होते. पुरुषांचा अंतिम सामना पुन्हा इराणशी. सुमारे दीड मिनिट उरलेले, गुणफलक २८–२८. कर्णधार पवन सेहरावत तिसऱ्या, निर्णायक चढाईवर गेला आणि कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या लॉबीत गेला. त्याच्यामागे इराणचे रक्षकही रेषा ओलांडून गेले. पवन तर बाद. पण मागून आलेले रक्षक बाद धरायचे की नाही? जुना नियम एक सांगे, नवा दुसरे. निर्णय फिरला, पुन्हा फिरला. दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले आणि खेळ जवळजवळ तासभर थांबला. भारत शेवटी ३३–२९ असा जिंकला. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते, एक अहमदनगर जिल्ह्याचा, दुसरा नाशिकचा.

वाद नियमाचा होता, आणि तो नियमपुस्तकाच्या आधाराने इराणी प्रशिक्षक भारतीयांशी घालत होते. रायगडच्या एखाद्या गावात, फक्कीच्या रेषेवर पाय पडला की नाही यावरून दोन संघ रात्री उशिरापर्यंत अडून बसतात, तसाच तो तास होता.